सोफाकाकांचं तिसरं कडवं

खालून गाणं यायचं, पण त्या गाण्याला चाल नव्हती.

मी नुकतीच त्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आले होते. खाली सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करण्याचं दुकान होतं. माझी खोली दुकानाच्या बरोबर डोक्यावर. साहित्याची पदवी घेऊन मी शालेय मार्गदर्शक पुस्तकांची मुद्रितं तपासत होते आणि हे काम घरूनच चालायचं. त्यामुळे दिवसभर ते गाणं माझ्या पायाखाली असायचं.

आवाज भरदार होता. गाणारा बेसूर नव्हता, एवढं मला कळत होतं. पण सूर एकाच जागी रेंगाळायचा, दोन पायऱ्या खाली उतरायचा, पुन्हा होता तिथे यायचा. जिना चढता चढता काहीतरी विसरल्यासारखा माणूस मागे फिरतो, तसं. कधी शब्द असायचे. कधी शब्द गायब आणि नुसतं बंद ओठांतलं हुंहुं. मध्ये हातोडीचे ठोके.

मग माझ्या खुर्चीची बैठक खचली. ती उचलून मी खाली गेले.

दुकानात काथ्याचा आणि नव्या रेक्झिनचा वास होता. खुर्च्या उलट्या पडल्या होत्या, त्यांचे पाय वर. एका सोफ्याचं पोट फाडलेलं होतं आणि आतल्या स्प्रिंगा दिसत होत्या. दुकान चालवणारे काका ठेंगणे, रुंद छातीचे, चष्मा कपाळावर. त्यांच्या तोंडात बारीक खिळे होते. जिभेने एक खिळा ओठांवर आणायचे. लोहचुंबकाच्या तोंडाची हातोडी ओठांना लावायचे. खिळा तिला चिकटायचा आणि पुढच्या क्षणी कापडात बसलेला असायचा. दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहायचा. तोंड खिळ्यांनी भरलेलं असेपर्यंत हुंहुं, खिळे संपले की शब्द. एक कोडं तिथल्या तिथे सुटलं.

दुसरं मी विचारलं. काका, हे गाणं कोणतं?

त्यांनी उरलेले खिळे तळहातावर काढले. त्रास होतो का, असं विचारलं. मी म्हटलं, त्रास नाही, पण चाल कळत नाही.

“मलाही येत नाही,” काका म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते.

ते चर्चच्या गायकवृंदात होते. तिथे एकच गीत चार थरांत गायलं जातं. सगळ्यांत वरच्या थरात बायकांचे उंच आवाज, आणि गीताची चाल त्यांच्याकडे. सगळ्यांत खाली पुरुषांचे जड आवाज. काका खालच्या थरातले. मिसरूड फुटल्यापासून आजवर ते त्या थरातच गात आले होते. गीतं त्यांना ढिगाने पाठ होती. पण प्रत्येकाचा फक्त तळ पाठ होता. वरची चाल ते आयुष्यात कधी गायले नव्हते.

“मग ऐकलीही नाही?”

“ऐकायची नसते,” ते म्हणाले. “आमच्या मास्तरांचा नियमच होता. वरचं ऐकलंस की वर ओढला जाशील. एका कानात बोट घाल आणि आपलं गा.”

मी खुर्ची तिथेच ठेवून वर आले. त्या दिवशी माझ्याकडून काम झालं नाही. माणूस आयुष्यभर गातो आणि ते गाणं त्याला येत नाही, हे मला कुठल्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

खुर्ची परत आणायला गेले तेव्हा चहा मिळाला. मग चहाचीच सवय लागली. गल्लीतली पोरं त्यांना सोफाकाका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ते मला पोरी म्हणायचे, आणि माझ्या कामाची टर उडवायची असली की बाईसाहेब.

त्यांची बायको प्रसूतिगृहात नर्स होती. गायकवृंदात ती वरच्या थरातली. काका सांगायचे, तिच्यासाठीच तर मी तिथे शिरलो, धर्माचा ओढा नंतर लागला, प्रभूला हे माहीत आहे आणि त्याची काही तक्रार नाही. पहिल्याच तालमीला त्यांनी तिच्याकडे बघत गायला सुरुवात केली आणि गाता गाता तिच्या चालीत शिरले. मास्तरांनी पट्टी टेबलावर आपटली. तेव्हापासून कानात बोट. लग्न झालं, मुलगी झाली, बायको ओट्याशी चाल गायची आणि हे दुकानात तळ गायचे. मध्ये एक भिंत आणि उघडं दार. रोज गायचे. आणि तिच्याबरोबर गाता यावं म्हणून रोज तिला न ऐकण्याची कसरत करायचे.

हे सांगताना ते हसत होते. मग हसायचे थांबले.

ती गेली तेव्हा घरात पाहुणे होते, नंतर पाहुणे गेले. काका दुकानात येऊन बसले आणि ठरवलं, तिचं एखादं गीत म्हणू या. तोंड उघडलं तर आपलाच तळ बाहेर आला. तिची चाल आठवेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दोन सूर वर जायचे आणि गळा घसरून खाली यायचा. तिचा चेहरा आठवत होता, तिची चप्पल कुठे झिजायची ते आठवत होतं. चाल आठवत नव्हती. तिच्या मृत्यूपेक्षा आपण यासाठी जास्त रडलो, असं ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते चर्चला गेले ते प्रभूशी भांडायलाच. जाऊन आपल्या जागेवर बसले. गीत सुरू झालं. मास्तर कधीच गेले होते, पट्टी आपटायला कुणी नव्हतं. काकांनी पहिल्यांदाच कानातलं बोट काढलं. समोरच्या बाकांवर मंडळी गात होती, साधी माणसं, बरीवाईट गाणारी, आणि ती सगळी तिचीच चाल गात होती.

“मी इकडे नुसता तळ धरून होतो,” काका म्हणाले. “म्हटलं, हे असं होय. मी माझं गायचं. वरचं त्याच्याकडे आहे. आठवडाभर मला ऐकू येत नाही, पण असतं. रविवारी तो ऐकवतो.”

 त्यांनी कप विसळला आणि मला बाईसाहेब म्हणून कामाला पिटाळलं.

हे वाचून ते सदा आनंदी संत होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. ते चिडायचे, रबरी फोम महागला की बोटं मोडायचे, समोरच्या गादीवाल्याच्या शिलाईला नावं ठेवायचे. रविवारची दुपार त्यांना खायला उठायची. सकाळी चर्च, माणसं, हस्तांदोलनं, आणि मग घरी येऊन एक ताट. तेव्हा ते दुकान उघडत नसत, पण दुकानात येऊन बसत. तिथे त्यांचं बोलणं चाले. सुरुवातीला मी दोनदा जिन्यातूनच परत फिरले, आत गिऱ्हाईक आहे असं समजून. आत कुणी नसायचं.

“आज काही खरं नाही बघ,” ते प्रभूला सांगत. आवाज अगदी रोजचा, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं तसा. “कंटाळा आला. भाजी करपली. ती असती तर बोलली असती. आता तूच काय ते बोल.”

मी विचारलं होतं, उत्तर येतं का? ते म्हणाले, लगेच उत्तर द्यायला तो काय दुकानदार आहे. पण सांगून झालं की जड वाटत नाही. वरची खोली बरेच दिवस रिकामी होती, तेव्हा एकदा फार आतून मागितलं होतं, की घरात कुणाचे तरी पाय वाजू देत. मग मी आले. पुस्तकांची खोकी घेऊन, जिन्यात हमालाशी भांडत.

“मी म्हटलं, बरं,” काका म्हणाले. “चालेल.”

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात असायची. चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. नवरा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. तिचा रोज फोन यायचा आणि रोज विषय एकच. पप्पा, तिथे एकटे काय करता, इकडे या. घरात खोली आहे, खोलीला पडदे लावून झालेत, इमारतीला लिफ्ट आहे. काका तिला सांगत की मी एकटा नाही. चर्च आहे, गायकवृंद आहे. ती विचारायची, गायकवृंद कसा आहे? काका म्हणायचे, ठीक चाललाय. यात खोटं काही नव्हतं. फक्त किती जण उरलेत हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि यांनी सांगितलं नव्हतं.

शेवटी तिने शब्द घेतला. मी येते, बघते, आणि मग मी म्हणेन तसं करायचं. काकांनी हो म्हटलं. हो म्हणून फोन ठेवला आणि जिन्याच्या तळाशी येऊन मला हाक मारली.

मी खाली गेले तर ते सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर बसले होते. म्हणाले, झालं, आता मला जावं लागणार. मी म्हटलं, नको वाटत असेल तर सांगा तिला. ते म्हणाले, काय सांगू?

मग त्यांनी मला ते सांगितलं. मागे ते मुलीकडे गेले होते तेव्हा तिथल्या चर्चला गेले. मोठं चर्च, चांगली माणसं, गिटार आणि ढोल, भिंतीवर प्रकाशात उमटणारे शब्द. सगळे एकच चाल जोरात गातात. काकांनी सवयीने आपला तळ धरला. पुढच्या बाकावरची जोडी वळून बघायला लागली. मग एका भल्या माणसाने येऊन त्यांच्या हातात गीताचा कागद दिला आणि बोटाने ओळ दाखवली. काका तोंड मिटून उभे राहिले. तिथे राहिले तेवढे दिवस ते आंघोळ करतानाही गायले नाहीत.

“तिकडे गेलो की हे बंद,” ते म्हणाले. “आणि हे बंद झालं तर माझं त्याच्याशी बोलणं कुठून होणार, ते मला ठाऊक नाही. पण पोरीला कसं सांगू? खालच्या चार सुरांसाठी मी तुझ्याकडे येत नाही, असं? एकुलती एक पोर आहे माझी. तीही तिकडे एकटीच जेवते.”

 ते उठले आणि मला बजावलं, “ती तुला विचारेल. खोटं बोलू नकोस. पण फार खरंही बोलू नकोस.”

त्यांची मुलगी, म्हणजे ताई, शनिवारी आली. उंच, चष्म्याआडून रोखून बघणारी. आल्या आल्या तिने फ्रीज उघडून नाक मुरडलं, गॅसची नळी वाकवून पाहिली, वडिलांचे डोळे खिडकीशी नेऊन तपासले आणि चष्म्याचा नंबर बदललाय हे जाहीर केलं. काका निमूटपणे सगळं करून घेत होते. मध्येच माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. दुपारी एका गिऱ्हाइकाच्या खुर्च्या द्यायच्या होत्या म्हणून ते दुकानात गेले, आणि ताई दोन कप घेऊन वर माझ्या खोलीत आली.

तिने आडवळण घेतलं नाही. “खरं सांग. त्यांना एकटं वाटतं का?”

मी बरीच वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, वाटतं. रविवारी दुपारी फार वाटतं. पण ते त्याचं काहीतरी करतात.

“काय करतात?”

“सांगतात. प्रभूला. मोठ्याने. आणि मग गातात.”

ताईने कप खाली ठेवला. म्हणाली, म्हणजे दुकानात बसून एकट्याशी बोलतात. मी म्हटलं, त्यांच्या मते एकट्याशी नाही. ती म्हणाली, हो, ते मला माहीत आहे, त्याच घरात वाढलेय मी. पण मग उद्या चर्च झालं की त्यांना सांगते. सामानाचं पुढच्या आठवड्यात बघू.

मला आपल्या जिभेचा राग आला. खालून हुंहुं सुरू झालं होतं. ताई मान तिरकी करून ऐकत राहिली.

“दुसरं कडवं,” ती म्हणाली. “आता ओळीच्या मध्येच श्वास घेतील. आई रागवायची.”

खाली हुंहुं मध्येच तुटलं आणि पुन्हा सुरू झालं. आम्ही दोघी हसलो. मी विचारलं, ताई, या गाण्याची चाल काय आहे? इतके दिवस मी नुसतं हेच ऐकतेय. तिने मान हलवली. आई गेल्यापासून ती चाल आपल्याच्याने तोंडात धरवत नाही, म्हणाली. कप घेऊन ती खाली गेली.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. मी चर्चमध्ये कधी गेले नव्हते. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, सावकाश फिरणारे पंखे. माणसं बरीच होती. समोर एका बाजूला गायकवृंदाचे बाक होते, एकामागे एक, चांगले लांबलचक. बाक रिकामे होते. सगळ्यांत मागच्या बाकावर, अगदी टोकाला, भिंतीला खेटून काका बसले होते. खालच्या थराची जागा तीच, म्हणून ते तिथेच बसत. बाकीचे बाक त्यांच्यासमोर मोकळे पसरलेले. बस चुकलेल्या माणसासारखे दिसत होते.

ताईने माझं मनगट धरलं. आई गेल्यापासून ती या चर्चमध्ये आली नव्हती. सगळे कुठे गेले, असं तिने विचारलं. मला काकांकडून कळलं होतं ते मी कुजबुजत सांगितलं. पोस्टमन मुलाकडे राहायला गेले. शिंपी वारले. वरच्या थरातल्या दोघी नातवंडं सांभाळायला गेल्या, एकीचा आवाज गेला. हे कधीचं, असं तिने विचारलं. बऱ्याच वर्षांचं, मी म्हटलं.

“आणि मला फोनवर सांगतात, ठीक चाललाय.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता काही उरलं नाही, हे मला कळलं. तिला हवा होता तो पुरावा समोर भिंतीला टेकून बसला होता.

पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, तरुण होते, बारीक दाढीचे. त्यांनी प्रार्थना केली आणि गीत सांगितलं. सगळे उभे राहिले. काकाही राहिले, भिंतीपाशी, एकटे.

मग चाल आली.

मी ती पहिल्यांदा ऐकत होते आणि तरी ती मला ओळखीची होती. तिची प्रत्येक वळणाची जागा मला ठाऊक होती, कारण खालचं प्रत्येक वळण मला पाठ होतं. काका जिथे रेंगाळायचे तिथे ती वर चढत होती. काका दोन पायऱ्या उतरायचे तिथे ती थांबत होती, वाट बघितल्यासारखी. इतके दिवस माझ्या पायाखाली जे चालायचं त्याला काय हवं होतं ते मला त्या क्षणी समजलं. मी तोंड उघडं टाकून उभी होते. ताईने मला कोपराने ढोसलं.

दुसरं कडवं संपत आलं तेव्हा ती माझ्या कानाशी आली. मास्तरांच्या काळापासूनचा प्रघात होता, तिसरं कडवं फक्त गायकवृंदातल्या पुरुषांनी गायचं. बाकी मंडळींनी गप्प राहून ऐकायचं.

“म्हणजे आता पप्पा एकटेच,” ती म्हणाली. “मला बघवणार नाही.” आणि तिने मान खाली घातली.

तिसरं कडवं सुरू झालं.

काकांचा तळ आला. आणि त्याच्यासोबत सगळं चर्च खाली उतरलं. समोरच्या म्हाताऱ्या बाईने हनुवटी छातीला टेकवली आणि ती घुमायला लागली. तिच्या शेजारची वेणीवाली मुलगी डोळे मोठे करून घशातून आवाज काढत होती. बाप्ये गात होते, बायका गात होत्या, कडेवरचं एक पोर हूं हूं करत होतं. पाळक डोळे मिटून, मनापासून, काकांच्या दोन पायऱ्या उतरत होते. चाल कुणीच गात नव्हतं. साऱ्या मंडळीने ओळीच्या मध्येच श्वास घेतला.

ताईने मान वर केली. “हे काय गातायत सगळे?”

मी सांगू शकले नाही, कारण मीही गात होते. त्या चर्चमध्ये मला येणारी तेवढी एकच गोष्ट होती.

ती आधी थक्क झाली. मग तिचे खांदे हलू लागले. ती रुमाल तोंडात कोंबून हसत होती. पुढच्या बाकावरची बाई मागे वळली, आणि ताई नवी आहे असं समजून दिलासा देत म्हणाली, “तिसऱ्याची चाल जरा अवघड आहे. सवयीने येते.”

चौथ्या कडव्याला सगळे पुन्हा वर गेले, जसं काही झालंच नाही.

बाहेर दाराशी पाळकांनी ताईचं स्वागत केलं. तिच्या वडिलांचं कौतुक करता करता म्हणाले, मी इथे आलो तेव्हा मला हे तिसरं कडवं जमत नव्हतं, घरी बसून तयारी केली. मध्ये दुसऱ्या एका चर्चला गेलो होतो, तिथे सगळी कडवी एकाच चालीत गातात. फार सपक वाटलं. ताईने हो हो म्हटलं आणि पदराआड पुन्हा हसून घेतलं.

आम्ही घरी आलो.  जेवायला बसलो. मी उठून जात होते, पण दोघांनीही मला बसवलं. त्यांना मध्ये कुणीतरी हवं होतं.

“पप्पा, तुम्हाला माहीत आहे ते चुकीचं गातात?”

काका भात कालवत राहिले. माहीत आहे, म्हणाले. शिंपी गेले त्यानंतर ते तिसऱ्या कडव्याला खरोखर एकटेच गायचे. एका रविवारी पुढच्या बाकावरची म्हातारी बरोबर गुणगुणायला लागली. त्यांना वाटलं, बिचारी सोबत देतेय. मग तिच्या सुना. मग नव्याने आलेली कुटुंबं, त्यांना तर हीच चाल असं वाटलं. मग पोरं शिकली. पोरांनी शिकलं की ते पक्कंच झालं.

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?”

“कसं सांगणार?” काका म्हणाले. “मी सोबत मागितली होती. कुठल्या थरातली ते मी सांगितलं नव्हतं.”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. आता हसत नव्हती.

मग काकांनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि सगळं बोलून टाकलं. तिच्या शहरातलं चर्च, तो भला माणूस, तो कागद, ओळीवर ठेवलेलं बोट. आंघोळीलाही न गायलेले दिवस. म्हणाले, मला एकटं वाटतं, हिने तुला सांगितलं असेल तर खरंच सांगितलं. पण मला जे जमलंय ते इथे जमलंय. इथे मी गातो तेव्हा तो आहे हे मला कळतं. तिकडे मला तोंड मिटून बसावं लागेल. तू म्हणशील तर येईन, शब्द दिलाय. पण कारण तुला माहीत असू दे. कारण हास्यास्पद आहे. मला लाज वाटत होती.

“लाज?” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मी समजत होते तुम्ही दुकानासाठी अडून बसलाय. त्या काथ्यासाठी. मला रात्ररात्र वाटायचं, पप्पांना माझ्यापेक्षा खुर्च्या प्याऱ्या आहेत.”

काका दचकले. त्यांनी हे कधी मनातही आणलं नव्हतं, ते दिसत होतं.

 मग ताई हळू बोलली.

“आईला दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळात बोलावलं होतं. मुख्य नर्स म्हणून. मी शाळेत होते. तिने नाही म्हणून कळवलं.”

“ते मला ठाऊक आहे,” काका म्हणाले. “माझं दुकान हलवायला नको म्हणून. ते ओझं अजून आहे माझ्यावर.”

“दुकान कुठलं? मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, तिथल्या चर्चमध्ये खालचं धरणारा कुणी नाही, यांना एकट्याला धरावं लागेल आणि हे घाबरतील. म्हणजे मग मलाही गाता येणार नाही. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली. सांगितलं तर डोक्यावर बसतील म्हणाली.”

काकांचा हात ताटात तसाच राहिला. मी खाली बघत होते. त्यांनी विचारलं, तिने नक्की असंच म्हटलं का? ताई म्हणाली, डोक्यावर बसतील, हे नक्की म्हटलं. काका हसायला लागले. हसता हसता त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले, आणि छताकडे बघून, म्हणजे माझ्या खोलीकडे बघून, “ऐकलंस ना?” असं म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

भात निवला होता. ताईने तो परत गरम केला. निर्णय असा कुणी उच्चारला नाही. तिने फक्त फ्रीजमध्ये काय काय आणून ठेवायचं ते मला सांगितलं, आणि पडदे लावलेल्या खोलीत आता शिलाईचं मशीन ठेवते म्हणाली.

संध्याकाळी आम्ही दोघं तिला बसवर सोडायला गेलो. ती खिडकीशी बसली. काका खाली उभे राहून काचेवर टकटक करत होते. तिने काच सरकवली.

ती म्हणाली, नवरा जहाजावर असेल तेव्हा मी महिन्यातून एका रविवारी येत जाईन. पण अट आहे. तिसऱ्या कडव्याला मला गप्प बसायला सांगायचं नाही.

“सगळ्याच गातात आता,” काका म्हणाले. “तुलाच का नियम?”

“मी आईची चाल गाणार.”

काका तिच्याकडे बघत राहिले. “तिसऱ्या कडव्यात?”

“तिसऱ्या कडव्यात.”

“सगळ्या चर्चमध्ये तू एकटीच वेगळं गाशील,” ते म्हणाले. “लोक वळून बघतील. तू बेसूर आहेस म्हणतील.”

“म्हणू देत,” ताई म्हणाली. “तुम्ही कानात बोट घालू नका म्हणजे झालं.”